अनवाणी पायाचे अठ्ठावन्न चिमटे

नेरगावात कोण किती मोठा, हे घरात शिरल्याबरोबर कळायचं. सोफा बघायचा नाही, टीव्ही बघायचा नाही. भिंतीवरच्या फ्रेमा मोजायच्या. नगराध्यक्ष राजाभाऊ मुळजकरांकडे त्रेचाळीस. माजी आमदारांकडे सतरा. सूतगिरणीच्या अध्यक्षांकडे अकरा, त्यातल्या दोन खरं तर त्यांच्या मेव्हण्याच्या. पण मेव्हणा त्यांच्याच घरी जेवतो म्हणून त्यांनी त्या आपल्यात धरलेल्या. फ्रेमेत देव नाहीत, वाडवडील नाहीत. फ्रेमेत त्या त्या गृहस्थाची टिंगल.

ही रीत 'दैनिक हाळी'च्या पहिल्या संपादकांनी घालून दिलेली. ज्याची खोडी काढायची, त्याच्या पाठीमागे काढायची नाही. चित्र छापायच्या आदल्या दिवशी चित्रकारानं मूळ कागद घेऊन त्याच्या घरी जायचं, तो त्याच्या हातात द्यायचा, आणि त्यानं चहा पाजायचा. चहा न पाजणाऱ्याचं नाव गावभर होई. त्यामुळे आतून कितीही जळफळाट झाला तरी माणूस 'वा, वा' म्हणे आणि दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याकडे जाई.

गेली एकोणीस वर्षं हे चित्र हेमलता डोईफोडे काढत होती. चार चौकटींची पट्टी, नाव 'वरून'. विजेच्या तारेवर एक कावळा आणि एक चिमणी बसलेली, आणि खालचं गाव त्यांना दिसतं तसं. म्हणजे माणसांची तोंडं दिसायची नाहीत. टक्कल दिसे, टोपी दिसे, पोट दिसे, आणि पोट आडवं आलं नाही तर पायांची बोटं. तेवढ्यावरून नेरगाव माणूस ओळखायचं. राजाभाऊंच्या टकलावर डाव्या अंगाला एक तीळ होता. तो आमच्या सौभाग्यवतींच्या आधी हेमलताताईंना दिसला, असं राजाभाऊच भर सभेत सांगत आणि सगळ्यात आधी स्वतः हसत.

साऱ्या गावात प्रतिष्ठित असून भिंत मोकळी असलेला माणूस एकच, गुरव सर. प्रल्हाद गुरव, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. शिडी पक्षाचे नेरगावातले अध्यक्ष तेच, आणि खरं बघता निम्मे कार्यकर्तेही तेच. हेमलताला आठवीत पेन्सिल कशी धरायची ते त्यांनी शिकवलं होतं. दर दिवाळीला ती फराळ घेऊन गेली की सर म्हणत, "हेमे, सगळ्या गावाला ओरबाडतेस आणि मला वगळतेस. हा पक्षपात नाही?"

"सर, तुमच्यात ओरबाडण्यासारखं काही नाही."

"म्हणजे मी इतका सपक?"

हा संवाद पंधरा-सोळा दिवाळ्या तसाच झाला होता. २०४१च्या दिवाळीपर्यंत मात्र तो उरणार नव्हता.

'हाळी'चा कागद बंद होऊन दहा वर्षं झाली होती. आता घरोघरी एकच घडीचं पान असे, मऊ, मेणकापडासारखं. रोज सकाळी त्यावर नवा अंक उमटे. पानाच्या डाव्या कडेला अंगठा टेकायला खरखरीत पट्टी होती. ही पट्टी अंगठ्याचा घाम आणि नाडी टिपायची, आणि वरच्या कोपऱ्यातला मोहरीएवढा डोळा वाचणाऱ्याची बुबुळं किती विस्फारली ते बघायचा. मिक्सरची जाहिरात कुणाला आवडते हे कळावं, एवढाच मूळ हेतू. पान घेताना लोकांनी कसलीशी संमती दिली होती. ती कुणी वाचली नव्हती, अगदी तालुक्यातल्या वकिलांनीसुद्धा नाही. माणूस तोंडानं 'छे, मला काही वाटलं नाही' म्हणतो तेव्हा त्याचा अंगठा काय म्हणतो, हे वर्षानुवर्षं साठत गेलं.

मग कुठल्याशा शहरात एका व्यंगचित्रावरून दंगल झाली आणि समन्यायाचा नियम आला. राजकीय चित्रमालिकेनं कुणा एका बाजूला जास्त दुखवायचं नाही. किती दुखतं ते मोजायचं यंत्र तयारच होतं. त्याला समकाटा म्हणू लागले. चित्र छापण्याआधी काट्याला दाखवायचं. प्रत्येक वाचकाच्या अंगठ्याचा सगळा इतिहास त्याच्याकडे असल्यामुळे कुणाला किती लागेल याचा अंदाज तो काढी आणि दोन्ही बाजूंची बेरीज मांडी. मोजमापाचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक 'चिमटा' म्हणत. राजाभाऊंच्या घागर पक्षाला चाळीस चिमटे बसले तर शिडी पक्षालाही चाळीस बसले पाहिजेत, फार तर पाचाचा फरक.

काटा कारण विचारत नसे. चित्र खरं की खोटं, हाही प्रश्न त्याचा नव्हता. तो फक्त लागणं मोजायचा.

नेरगावच्या घागरवाल्यांना ही गोम सगळ्यात आधी कळली. ज्याला जास्त लागतं त्याला वाचवलं जातं, तर मग लागून घ्यायला शिकलं पाहिजे. त्यांनी मंगल कार्यालयात तीन दिवसांचं भावना शिबिर भरवलं. जेवणासह. शिबिराहून आलेला कार्यकर्ता घागरीचं साधं चित्र बघूनही घामेजू लागला. स्वतः राजाभाऊ शिबिराला गेले नाहीत. दुखावून घ्यायचं काम त्यांनी कार्यकर्त्यांवर सोपवलं होतं. त्यांचा स्वतःचा आकडा सहा वर्षांत तीनच्या वर गेला नव्हता, आणि हे ते अभिमानानं सांगत.

जुलैत, बाजारच्या दिवशी सकाळी सव्वानऊला, मोंढ्यामागची पाण्याची टाकी बसली. खांबांसकट बसली. खाली पाणी भरणारी नऊ माणसं गेली.

गुरव सर त्या टाकीसमोर चौदा महिने जात होते. दर पंधरवड्याला एक स्टूल घेऊन बसायचे आणि खांबावरच्या भेगा वहीत काढायचे, खाली तारीख आणि वेळ घालून. नगरपालिकेला तीन अर्ज दिले. तिन्हींवर पोच मिळाली. उत्तर एकावरही नाही. आता चौकशी लागली होती, सोमवारी सुनावणी होती, आणि भेगा आधीपासून होत्या हे सांगणारा साक्षीदार एकच, वही घेऊन येणारे गुरव सर.

बुधवारी दुपारी संपादक रझाक इनामदार हेमलताच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. स्थूल, सावकाश बोलणारे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"बाई, तीन आठवडे झाले टाकी पडून. आपल्या अंकात ती अजून उभीच आहे."

"चित्र तयार आहे साहेब. काटा सोडत नाही."

चित्र तिनं दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. पहिल्या तीन चौकटींत वरून राजाभाऊंचं टक्कल, तीळ, हातात फीत कापायची कात्री, आणि शेजारी टाकीची भली मोठी सावली. चौथीत टक्कल तिथंच, कात्री तिथंच, सावली नाही. चिमणी विचारते, "सावली कुठं गेली?" कावळा म्हणतो, "चौकशी चालू आहे."

घागर पक्षाला एकसष्ट चिमटे. दुसऱ्या पारड्यात टाकायला काहीच नव्हतं. शिडीवाल्यांनी टाकी बांधली नव्हती, पाडली नव्हती. त्यांच्याकडे बोट दाखवायचं तर कशासाठी?

"मग गुरव सरांना घे," इनामदार म्हणाले. "नाहीतरी रुसलेत तुझ्यावर. सोमवारी साक्ष देतायत, गावात नाव आहे. ह्याच आठवड्यात भिंतीवर फ्रेम लागू दे त्यांच्या."

हेमलताला हे मनापासून पटलं. चौकटींच्या खाली तिनं एक आडवी चौकट वाढवली. स्टुलावर बसलेले सर वरून, विरळ पांढरे केस, गळ्यात भर उन्हाळ्यातला मफलर, मांडीवर वही. कावळा म्हणतो, "मास्तर भेगा इतक्या सुबक काढतात, की त्या बुजवणं सगळ्यांच्या जिवावर येतं."

इनामदार पोट धरून हसले. काट्यानं चार चिमटे दिले.

"चार!" इनामदार म्हणाले. "अहो, एवढा चांगला विनोद!"

"चांगला आहे म्हणूनच चार."

तेवढ्यात पडद्याच्या खालच्या ओळीत सूचना उमटली. काटा अशा सूचना नेहमी देई: टोपी तिरकी करा, पोट वाढवा, कुत्रं दाखवा. या वेळची ओळ अशी होती: *बसलेल्या माणसाचा डावा पाय अनवाणी दाखवा. अंदाज: ५८.*

दोघांनी ती दोनदा वाचली.

"एक चप्पल नसली तर अठ्ठावन्न?" हेमलता म्हणाली. "शिडीवाल्यांचं चपलेशी काय वाकडं आहे?"

इनामदारांनी तपशील उघडला. गावात शिडीचे वाचक जेमतेम चारशे. काट्यानं चारशे जणांना थोडं थोडं लावून पाहिलं होतं. बेरीज पुरत नव्हती. हे सगळे अठ्ठावन्न चिमटे एकाच वाचकाच्या नावावर होते. नाव झाकलेलं होतं, नियमानं.

"असेल कुणी चपलेचा दुकानदार," इनामदार म्हणाले. "काढून टाक. पाय तर आहे, काय शिवी थोडीच आहे?"

हेमलतानं चपलेच्या चार रेघा खोडल्या. तिथं पायाची बोटं रेखाटली. काट्याचा दांडा आडवा झाला आणि पडद्यावर हिरवा ठिपका आला.

गुरुवारी सकाळी दहाला ती मूळ कागद घेऊन सरांकडे गेली. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, दारातच म्हणाल्या, "आलीस? काल तुझा निरोप आला तेव्हापासून खिळा ठोकून बसलेत. भिंतीचा पोपडा काढला माझ्या."

खरंच, बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर एक नवा खिळा होता. सर धुतलेला सदरा घालून बसले होते.

"आण, आण. बघू, गुरूला किती सोललं आहेस. अगं, चहा टाक, आधी टाक. नाहीतर ही गावभर सांगेल."

त्यांनी कागद हातभर लांब धरला. आधी मास्तराच्या नजरेनं रेघ बघितली. "मफलरची घडी जमली आहे," म्हणाले. कावळ्याचं वाक्य वाचून खो खो हसले. मग नजर खाली उतरली.

हसू एकदम थांबलं नाही. तोंड तसंच उघडं राहिलं आणि त्यातून आवाज येईनासा झाला. हेमलताला आधी वाटलं, ठसका लागला. त्यांनी कागद अगदी हळू मांडीवर पालथा ठेवला आणि त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले, जणू खालून काही वर येत होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय सर?"

"हे मी हिला पण सांगितलेलं नाही. पन्नास वर्षं होत आली. कुणी सांगितलं तुला?"

"सर, काट्यानं सुचवलं. मला काहीच माहीत नाही. तो कुणालाही काहीही सुचवतो."

"काट्याला कुणी सांगितलं?"

याचं उत्तर हेमलताला पुढं सापडलं, आणि ते फार साधं होतं. कधी जोड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत एकच बूट असे. कधी अपघाताच्या बातमीशेजारी रस्त्यावर पडलेली एक चप्पल. अशा प्रत्येक सकाळी सरांचा अंगठा पट्टीवर गार पडला होता. सहा वर्षांत अकरा वेळा. काट्याला गोष्ट माहीत नव्हती. त्याला फक्त दुखरी जागा माहीत होती.

गोष्ट सरांनीच सांगितली, भिंतीकडे बघत, वर्गात सूचना द्यावी तशा कोरड्या आवाजात.

"त्र्याण्णव साली मी सव्वीसचा. किल्लारीच्या अलीकडं आमचं गाव. गणपती बोळवून आलो, झोपलो. पहाटे जमीन हलली तसा उठून दाराशी आलो. दाराशी चपला होत्या. मी एक चप्पल घातली, हेमे. उजवी. डावीत पाय जाईना, सोडून दिली आणि पळालो. आई मागच्या खोलीत होती. मी बाहेर आलो आणि घर खाली आलं." ते थांबले. "लोक म्हणाले, हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल. मी हो म्हणालो. चप्पल घालायला वेळ होता."

काकू चहा घेऊन आतल्या दाराशी कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नव्हतं.

"हे उद्या गावभर जाणार?" सरांनी विचारलं.

"नाही सर. गावाला काय कळणार आहे त्यातलं? पण मी ते काढूनच टाकते आहे. आत्ता जाऊन खोडते."

"मला कळतंय ना." सर उठले. "आणि सोमवारी मी त्या नऊ जणांच्या माणसांसमोर उभा राहून सांगू, की बघा, मी वेळेवर सावध केलं होतं? कुठल्या तोंडानं? तू जा आता. चित्र छान आहे. जा."

त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

कचेरीत येऊन तिनं इनामदारांना एवढंच सांगितलं, की ते अठ्ठावन्न चिमटे सरांचे होते आणि सर साक्षीला येणार नाहीत. मग पडदा उघडून डाव्या पायात पुन्हा चप्पल रेखाटली. हिरवा ठिपका गेला. खालच्या ओळीत नवी सूचना आली.

*चप्पल ठेवायची असल्यास मागे उघडं दार दाखवा. अंदाज: ४४.*

तिनं बोट लावून ती पुसली.

*दारात पेटता कंदील. अंदाज: ५१.*

पुसली.

*दाराच्या आतून बाहेर आलेला एक हात. वृद्ध स्त्रीचा. अंदाज: ७३.*

हेमलता खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. आंधळ्यानं अनोळखी चेहऱ्यावरून बोटं फिरवावीत तसं ते यंत्र सरांच्या त्या पहाटेवरून चाचपत चाललं होतं. ना त्याला गाव माहीत, ना भूकंप, ना आई. कुठं दाबलं की जास्त दुखतं, एवढ्या एकाच खुणेवर ते दारापर्यंत आलं होतं, आणि आता आत शिरत होतं. त्यात दुष्टपणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

"साहेब, बंद करा हे."

इनामदारांनी बंद केलं. बराच वेळ चष्मा पुसला. "मग टाकी?"

"टाकीचं चित्रही गेलं."

"म्हणजे पुन्हा उभी." ते म्हणाले. शुक्रवारच्या अंकात 'वरून'च्या जागी भेंडीच्या रश्शाची कृती गेली.

शनिवारी ती परत सरांकडे गेली. सर आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. सुमनकाकूंनी तिला बसवलं. भिंतीवरचा खिळा काढलेला होता.

"दोन दिवस जेवण नाही," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, सव्वीसच्या पोराला कसली अक्कल. तर म्हणतात, मला तू माफ करून काय उपयोग? सोमवारचं तर नावच काढू देत नाहीत."

"काकू, मला वही हवी आहे."

आतून सरांचा आवाज आला. "वही बोलत नाही. कुणाला तरी वाचावी लागते."

"मी वाचते सर. रेघ तुमची आहे हे माझ्याइतकं कोण सांगेल? कुठली भेग मार्चातली आणि कुठली मेमधली, हे मी पेन्सिलीच्या दाबावरून सांगू शकते. तुम्हीच शिकवलंत."

सर आतूनच म्हणाले, "साक्ष दिलीस की तू एका बाजूची. तुझं सदर जाईल."

हे सगळ्यांनाच माहीत होतं. समन्यायाच्या नियमात चित्रकारानं कुठल्याही राजकीय प्रकरणात जबानी दिली की त्याचा हात कायमचा 'एकबाजू' ठरे. पुन्हा त्यानं राजकीय रेघ ओढायची नाही.

"जाईल," हेमलता म्हणाली.

आतल्या दाराचा पडदा थोडा हलला. पडद्याआडून एक हात वही घेऊन बाहेर आला. तिनं ती घेतली, आणि हात लगेच आत गेला.

सोमवारी अकराला नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी सुरू झाली. दारातच एका कारकुनानं तिच्यापुढे अर्ज सरकवला. 'माझा हात यापुढे एकबाजू समजावा' या ओळीखाली तिनं सही केली. इनामदार मागं उभे होते. "करा करा," ते म्हणाले. "मी भाज्यांच्या कृती छापतो. वांगी, दोडका, पडवळ. वर्षभराचा माल आहे."

सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीच्या हाताला आता तीच खरखरीत पट्टी होती. एप्रिलपासून जाहीर सुनावण्याही तोलल्या जात. समोरच्या भिंतीवर दोन आकडे, घागर आणि शिडी, आणि मध्ये तिसरा मोठा आकडा 'संबंधित व्यक्ती'चा, म्हणजे राजाभाऊंचा. एका बाजूला पंचवीस चिमट्यांहून जास्त कल गेला की जबानी थांबवायची, दुसऱ्या बाजूचं ऐकायचं, मग पुढं. चौकशी अधिकारी देवळाणकर बाहेरून आलेले, मऊ बोलणारे, इस्त्रीतले गृहस्थ होते. नऊ जणांची माणसं डाव्या अंगाला बसली होती. त्यांचे अंगठे पट्टीवर होते, पण ते कुठल्याच पक्षात नोंदलेले नव्हते, त्यामुळे त्यांचा आकडा भिंतीवर नव्हता.

"हेमलताताई!" राजाभाऊ पहिल्या रांगेतून हसले. पांढरा शर्ट, अंगठा ऐटीत पट्टीवर. "आमचं चव्वेचाळिसावं राहिलं की हो. खिळा रिकामा आहे."

मधला आकडा: दोन.

देवळाणकरांनी आधी राजाभाऊंचं लेखी निवेदन वाचून दाखवलं. भेगा आपल्याला कुणी कधीही दाखवल्या नाहीत. गेल्या वर्षभरात आपण त्या टाकीखाली पाऊलही टाकलेलं नाही. मग हेमलताला बोलावलं.

ती वही उघडून वाचत गेली. वाचणं म्हणजे पान वर धरून दाखवणं, तारीख सांगणं आणि भेग किती लांबली ते सांगणं. सात जून, वीतभर. एकवीस जून, वीतभर आणि चार बोटं. दिवाळीनंतर दोन भेगा एकमेकींना मिळाल्या. घागरचा आकडा सावकाश चढला, नऊ, बारा, सतरा. मधला दोनवरच राहिला. राजाभाऊ मान डोलावत होते, जसं कुणी शाळेतल्या पोरांचं नाटक बघतं.

"चौदा मार्च," हेमलता म्हणाली आणि पान वर धरलं.

भिंतीवर मधला आकडा एकतीस झाला.

कुणीतरी खोकलं. राजाभाऊ हसतच होते. चेहऱ्यावरची एक रेघही हलली नव्हती. हेमलतानं एकोणीस वर्षं त्या माणसाच्या रेघा मोजल्या होत्या. एकतीसचे सेहेचाळीस झाले.

तिनं पान आपल्याकडे वळवलं. भेग मागच्या पानासारखीच होती, बोटभर लांब इतकंच. यात एवढं लागण्यासारखं काय? मग तिला दिसलं. खांबाच्या पायथ्याशी कट्ट्यावर सरांनी एक कप-बशी काढली होती. समोर जे असेल ते सगळं काढायचं, गाळायचं नाही, ही त्यांची सवय. बशीचा टवका उडालेला होता. तो टवकाही काढला होता.

"चौदा मार्चला संध्याकाळी पाच वाजता खांबाशी एक रिकामी कप-बशी होती," ती सावकाश म्हणाली. "गुरव सर येण्याच्या आधी तिथं बसून कुणीतरी चहा घेतला होता."

चौसष्ट.

डाव्या अंगाला एक म्हातारी उठून उभी राहिली. कौसाबाई, टाकीच्या शेजारच्या घरातली, सून गेलेली. डोळे बारीक करून ती पानाकडे बघत होती.

"बशी आमची हाय," ती म्हणाली. "टवका माझ्या नातवानं पाडला. चहा मीच दिला होता. ह्या म्होरल्या रांगेतल्या साहेबास्नी. ते एकलेच आले होते, खांबाला हात लावून बघत होते. मला म्हणले, मावशी, कुणाला बोलू नका, लोक उगं भितात."

एक्क्याऐंशी, आणि त्यापाठोपाठ घागरचा आकडाही पंचविसाच्या वर. राजाभाऊ हसत होते. ते हसू आता चेहऱ्यावर होतं, पण त्याच्यामागे कुणी नव्हतं. त्यांनी अंगठा उचलला, पँटीवर पुसला, आणि पुन्हा ठेवला. आकडा होता तिथूनच पुढे चढू लागला.

देवळाणकरांनी हात वर केला. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. "बाई, थांबा. काटा फार कललाय. संबंधित व्यक्तीला अतोनात लागतंय. हे न्याय्य होणार नाही. नियमाप्रमाणे आता दुसऱ्या बाजूचं काहीतरी यायला हवं. आजी, तुम्हीही बसा."

कौसाबाई बसली नाही. तिच्या शेजारचा माणूस उठला, मग त्याच्या मागची बाई. पट्टीवरचे अंगठे निघाले तशी भिंतीच्या कोपऱ्यातली, अंगठा सुटल्याची खूण करणारी छोटी दिवली लुकलुकायला लागली. त्या नऊ घरांतलं कुणीच बसून राहिलं नाही.

"बाई, मी थांबा म्हटलं," देवळाणकर म्हणाले.

"ऐकलं साहेब," हेमलता म्हणाली आणि पान उलटलं. "अठ्ठावीस मार्च."